माळवदावर मेंढरं

माय,

माझं घर गळत नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण एक सांगता सांगता दुसऱ्यातच शिरायची मला खोड आहे आणि मूळ गोष्ट राहूनच जाते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक. बाहेर हत्तीचा पाऊस चाललाय. पन्हाळातून पाण्याचा लोट अंगणात पडतोय, शेजारच्या म्हातारीची कोंबडी आमच्या ओटीवर अंग चोरून उभी आहे, आणि मी आत पोत्यावर बसून लिहितोय. कागद कोरडा आहे. माझी मांडी कोरडी आहे. नुकती पाऊल टाकायला लागलेली लेक चुलीपुढच्या राखेत बोटं फिरवतीय, तीही कोरडी, म्हणजे तिनं स्वतःहून ओलं केलेलं सोडलं तर. आष्टीच्या बाजाराला जाताना आपण ज्या ओढ्यावर मेंढरं पाजायचो, त्याच्या वरच्या अंगाला गाव आहे बघ, त्यातलं शेवटचं घर. मागच्या भिंतीला लागून जुन्या उठलेल्या गावाचं पांढऱ्या मातीचं टेकाड. तू कितीदा त्या टेकाडावर उभी राहून मला हाका मारल्यास, आणि मी कितीदा ओ दिली नाही.

तुझं घर म्हणजे तीन दगड होते. ज्या रानात मेंढरं बसवायची तिथं पोचलं की तू आधी दगड धुंडायचीस, ते मांडले की आपण घरी आलो. मला एक दुपार आठवते. मी आठ-नऊ वर्षांचा आहे. चूल मांडून ठेव म्हणून सांगून तू पाण्याला जातेस. मी दोन दगड मांडतो, वर कण्यांचं मडकं टेकवतो, तिसरा शोधताना एक सरडा दिसतो, लाल गळ्याचा, आणि त्याच्या मागं मी पार बांधापलीकडं जातो. माघारी येतो तर मडकं कलंडलंय, कण्या मातीत गेल्यात आणि तू कमरेवर हात ठेवून उभी. ‘आरं, तुला धड तीन दगडं मांडता येईनात, तू काय संसार मांडशील! तुझ्या पायाला भोवरा हाये, बुडाला जागा न्हाई.’ असं म्हणालीस आणि हसलीस. रागावून थांबली असतीस तर मी विसरलोही असतो. हसलीस, म्हणून ते राहिलं.

तू साथीत गेलीस, मग मामानं मला सांभाळलं, म्हणजे मेंढरांबरोबर मोजलं. मिसरूड फुटायच्या आत मी पळालो. बदनापूरच्या टेसनावर निजामाची गाडी पहिल्यांदा जवळून बघितली आणि ती सुटल्यावर रुळाच्या कडेनं तिच्या मागं चालत निघालो, आत बसू देतात हे मला माहीत नव्हतं. जालन्याला सरकी काढायच्या कारखान्यात गाठी उचलल्या. तिथला मुनीम मोठा मायाळू, दुपारच्या सुट्टीत कोळशानं भिंतीवर अक्षरं काढून दाखवायचा, त्याच अक्षरांत हे लिहितोय. त्याआधी उर्दू शाळेत बी चार दिवस गेल्तो, पण मास्तर विचारणार अलिफ आणि मी बघणार बाहेरचा चिमण्यांचं भांडण. त्यांनीच एक दिवस दार उघडून दिलं, म्हणाले, जा बेटा, तुझी शाळा बाहेरच भरलीय. चांगला माणूस. पानाचा डबा असा होता त्यांचा, चांदीचा, आणि झाकणावर मोर. कुठं होतो मी? हां. घर.

जालन्याहून माघारी कळपात आलो तेव्हा लग्न मामानंच जुळवलं. सोयरीक बदनापूरकडची, माणसं आपल्यातलीच, पण दोन पिढ्यांमागं त्यांनी काठी ठेवून नांगर धरलेला. पोरगी भिंतीत वाढलेली. तरी वर्षभर माझ्याबरोबर पालात राहिली, वाऱ्यात भाकरी थापली, एका शब्दानं बोलली नाही. दिवस गेले तेव्हा म्हणाली, ‘मी कुठं बी राहीन. लेकरू पालात न्हाई निजवायची.’ तेवढंच म्हणाली आणि लाकडं मोडायला लागली. मग मी माझ्या वाटणीची मेंढरं विकून हे घर घेतलं. एका कोष्ट्याचं होतं, तो माग गुंडाळून सोलापूरला गिरणीत गेला. मामा तर कपाळ बडवायचा राहिला. ‘जितं धन इकून माती घेतली गा तू! मेंढरू सालाला पिल्लू देतंय. भिंत पिल्लू देती का?’ मी म्हणालो, ‘न्हाई.’ ‘मंग?’ मी खराटा उचलला आणि घर झाडायला लागलो.

घर घेतलं म्हणजे काय काय घेतलं, ते आत शिरल्यावर कळतं. दार उंबऱ्याला घासायचं, उघडताना रेडकावानी ओरडायचं. मी ते उतरवलं, सुताराचा वाकस मागून आणला आणि खालून तासलं. जास्तच तासलं. आता दार गपगार लागायला लागलं, पण खालून कुत्र्याचं नाक आत यायला लागलं! मग जुन्या मोटेच्या कातड्याची पट्टी खिळ्यांनी ठोकली, तर वारा बी थांबला आणि विंचूकाटा बी. चूक झाली नसती तर ही पट्टी सुचली नसती, हे मी सुताराला सांगायला गेलो तर त्यानं वाकस काढून घेतला. भिंतीत उंदरांची बिळं, हात जाईल एवढी. मातीनं बुजवावीत तर दुसऱ्या दिवशी उंदीर शेजारून दार काढायचे. मी कासाराच्या दुकानामागून फुटक्या काकणांची टोपली भरून आणली आणि चिखलात कालवून बिळांत ठासली. माती कोरतो, काच काय कोरतोय! अजून एक बीळ उघडलेलं नाही, आणि दिवा लावला की भिंतीत मधेच एखादं हिरवं लखकन चमकतं.

आणि चूल. माय, चूल ऐक. माळवदाला धूर जायला एक भोक ठेवतात, त्याला इकडं सानं म्हणतात. कोष्ट्यानं चूल भलत्याच कोपऱ्यात मांडलेली, सगळं घर आतून कोळशासारखं काळं. मी ती फोडून सान्याच्या बराबर खाली आणली. तीन दगडांची नाही, चांगली मातीची, बाजूला वैल काढलेला, भाकरी शेकायला पुढं तोंड रुंद. सरडे आडवे आले नसतील असं नाही. पहिल्या दिवशी धूर दोरी सोडल्यासारखा सरळ वर गेला आणि बायकोनं डोळ्याला पदर न लावता भाकरी केल्या. मी बाहेर जाऊन टेकाडाकडं तोंड करून उभा राहिलो.

मग मी माळवदाला हात घातला. आता हे तुला पालात राहून ठाऊक नसणार, मलाही नव्हतं. वर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर पाला आणि पाल्यावर हातभर माती, असं ते असतं, आणि दर उन्हाळ्याला वर नवी माती टाकावी लागते. एवढं मी ऐकून होतो. कोणती माती, हे मात्र कुणाला विचारलं नाही. मी विचारायचं? ज्याचा जन्म शेताशेतातून गेला, कोणत्या रानात मेंढरं बसवली की शेतकरी जोंधळा जास्त देतो हे ज्याला झोपेत ठाऊक, त्यानं माती विचारायची? माती म्हणजे काळी. तूच म्हणायचीस, काळी म्हणजे लोणी, तिला पाय लावताना बी नमस्कार करावा. मी ओढ्याकाठची नंबर एक काळी, मळीची, हातात घेतली तर मऊसूत, गाड्या भरभरून आणली आणि घराच्या डोक्यावर घातली. शेजारची म्हातारी दारात बसून तूर निवडत होती. एकटीच राहते, सगळ्या गावाची आजी.

‘मेंढक्या,’ ती म्हणाली, ‘हरभरा पेरतो का करडी?’

‘घराला चांगली माती घालून राह्यलो, आजी.’

‘बराबर. दाण्यात आलं की सांग, राखणीला येते.’

मला वाटलं म्हातारी कौतुक करतीय. मी तिला खाली उतरून गूळ दिला.

उन्हानं माळवदावर बोटबोट भेगा पडल्या आणि मी खूशच. शेतकरी भेगाळलेलं रान बघून म्हणतो ना, जमीन झकास तापली, औंदा पिकतंय! तसाच मी रोज वर चढून भेगा बघायचो. मृगाचा पहिला मोठा पाऊस आला आणि त्या सगळ्या भेगांनी एकदम तोंड उघडलं. पाणी गळालं म्हणणं खोटं होईल, घरात पाऊस पडला, आणि तोही काळा. चुलीत चिखल झाला. बायको भरल्या पोटाची, एका खांबाला टेकून, डोक्यावर परात धरून बसली आणि परातीवर टपटप वाजत राहिलं. मी घमेली इकडून तिकडं हलवत होतो. ती एवढंच म्हणाली, ‘पाल बरं होतं.’

बाळंतपणासाठी तिला न्यायला भाऊ गाडी घेऊन आला. गाडीत बसल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. ‘लेकरू झालं की बाबांसंगं येईन. ते घर बघतील. गळलं तर मी त्याच गाडीत माघारी. मंग तुमी आन तुमची काळी.’

‘आन न गळलं तर?’

‘तवाचं तवा,’ ती म्हणाली आणि भावाला म्हणाली, ‘हाक रं.’

गाडी ओढा उतरून गेली तरी मी तिथंच. म्हातारी काठी टेकत आली. आता ती हसत नव्हती. ‘आरं लेकरा, मला वाटलं तू मस्करी करून राह्यला. पांढरीवर राहणाऱ्या माणसाला हे सांगावं लागतंय का? काळी पिकवायची, पांढरी राहायची. काळी पाणी पिती, पांढरी पाणी झटकती. तिच्यावर गवत बी उगवंना. तुझ्या पाठीला टेकाड हाये न् तू ओढ्याला गेल्ता!’ माय, दोन पावसाळे झाले, मला अजून हसू येतं. ज्या टेकाडावरून तू हाका मारायचीस ते माझं छप्पर होतं, आणि मी त्याच्याकडं पाठ करून गाड्या भरत होतो.

पावसानं उघडीप दिली. मी सगळी काळी खरडून मागच्या भिंतीशी लोटली, तिचा भिंतीइतका उंच ढीग झाला. लिंबाचा ताजा पाला अंथरला. टेकाडाची पांढरी खणली, चाळली, भुसा घालून भिजवली, आंबूस वास सुटेपर्यंत कुजवली आणि वर चढवली. पन्हाळाकडं उतार दिला. आता उरलं ते चेपणं. माती घट्ट बसली तरच पाणी झटकती. इथं ते काम बाया करतात, ओळीनं बसून लाकडी चोपण्यानं दिवसदिवस ठोकतात, गाणी म्हणत. पण खुरपणीचे दिवस, गावातली झाडून सगळी बाई रानात. मी एकटाच ठोकत बसलो. सकाळपासून ठोकलं, हाताला फोड आले आणि चेपलं किती, तर दोन अंथरुणं पसरतील एवढं. वरून ढग जमायला लागलेले. आता हे व्हायचं नाही, आणि तिची गाडी माघारी जाणार, हे मला दिसायला लागलं. बापाच्या गाडीत पाठमोरी बसलेली ती, आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, ज्याचं तोंड मी बघितलेलं नाही.

आणि मला तू आठवलीस. अवकाळीची सर येऊन गेलीय, आपण कुणाच्यातरी रानात आहोत. सगळं रान पाणी पिऊन गप झालंय, फक्त मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी, जिथून ती रोज आत-बाहेर करतात, तिथं पाण्याचं डबकं साचलंय. जागा सपाट म्हणून मी तिथंच तुझी घोंगडी टाकून पडलोय. तू कान धरून मला उठवतेस. ‘मेंढराच्या खुरानं चेपलेली भुई ती! तिथं पाणी मुरतंय का? उठ, न्हाई तर बेडूक व्हशील.’ तुझ्या ओल्या हाताची ती कानाची पिरगळ, माय, मला माळवदावर बसल्या बसल्या पुन्हा लागली. मी चोपणं टाकलं आणि मामाच्या कळपाकडं पळत सुटलो. अंतरवालीच्या बाजूला उतरला होता तो.

‘मामा, मेंढरं पायजेत.’

‘माघारी घ्यायचीत? म्हणलोच होतो मी.’

‘घ्यायची न्हाईत. माळवदावर चढवायचीत.’

मामानं तोंडातली चिलीम काढली. ‘बायको गेली तिच्यासंगं डोस्कं बी गेलं का?’ पण उठला. मेंढराला नवं काही करायचं म्हटलं की मामा उठतोच.

मागच्या भिंतीचा काळीचा ढीग मी पसरून चढण केली. आधी म्होरकी बकरी चढली, वर जाऊन तिनं चारीकडं असं बघितलं जशी गावची पाटलीण. मग मेंढरं, थोडी थोडी, मान खाली घालून एकामागं एक. म्हातारी अंगणातून ओरडली, ‘आगं बया! मेंढक्याची मेंढरं सर्गाला निघाली!’ खुरपणीहून माघारी येणाऱ्या बाया पाट्या डोक्यावर तशाच ठेवून उभ्या. मामा वर मेंढरं गोल फिरवतोय आणि मी आत खांबाला हात लावून, मान वर करून. पाल्याचा चुरा डोळ्यांत पडतोय. वरून ते खुरांचं चालणं, शेकडो बोटांनी कुणी सूप वाजवावं तसं.

‘भाच्या, तुळई काय म्हणती?’

‘कुरकुरती!’

‘कुरकुर का कडकड?’

‘कुरकुर!’

‘कुरकुर चालती. ती तर तुझी मामी बी करती. कडकड झाली की पळ.’

कडकड झाली नाही. मेंढरं उतरली तेव्हा सगळं माळवद टाकी दिलेल्या जात्यासारखं ठशांनी भरलं होतं आणि अंगठा दाबला तर आत जात नव्हता. वरून शेण-पांढरीचा पातळ काला फिरवला आणि ठसे मिटवले. मामा वर चढून, पाय आपटून बघून म्हणाला, ‘हां.’ मामाचा हां तुला माहीत आहे.

भाद्रपदात गाडी आली. सासरे उतरले, उंचापुरा माणूस, डोक्यावर नुकता धुतलेला पांढराशुभ्र पटका. लेकराचं तोंड बघायला मी पुढं झालो तर ते म्हणाले, ‘आधी घर, जावईबापू.’ बायको लेकरू घेऊन ओटीवर थांबली, उंबरा ओलांडला नाही. सासऱ्यांनी दार उघडून-लावून बघितलं. भिंतीवर काठी वाजवली. मग मागून चढणीनं वर गेले आणि तिथूनच आवाज आला, ‘इथं लेंडी कशी काय?’ मी सांगितलं. ते खाली आले आणि घराच्या मधोमध मांडी घालून बसले. ‘पाऊस यिऊ द्या. मी बसतो.’ गुळाचा चहा दिला, तो प्यायले. आभाळ तर भरलेलंच होतं, दुपार कलताना फुटलं. पहिले थेंब वर वाजले तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पटका सोडला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत जमिनीवर पसरला. पांढऱ्यावर एक थेंब जरी मातीचा पडला तरी लपणार नाही. मग आम्ही सगळे त्या पटक्याकडं बघत बसलो. मी, सासरे, दारात बायको, तिच्या मागं म्हातारी. पाऊस असा की बोलणं ऐकू येईना. पन्हाळ भरून वाहायला लागलं. मी वर बघत नव्हतो, माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. सर ओसरली तेव्हा सासरे गुडघ्यांवर रांगत पटक्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, हात फिरवत, डोळे बारीक करून. एवढा मोठा माणूस, लेकरासारखा रांगत. पोचले, पालथ्या हातानं मिश्या पुसल्या, आणि पटका उचलला नाही. त्याची एक घडी घातली, थोपटली आणि दाराकडं बघून म्हणाले, ‘आण. निजव हिच्यावर.’

बायकोनं उंबरा ओलांडला. माय, मी पहिल्यांदा लेकीचं तोंड बघितलं ते माझ्या घरात, माझ्या माळवदाखाली.

या उन्हाळ्यात गावातल्या निम्म्या माळवदांवर मामाची मेंढरं चढली. लोक आधी बोलवायला येतात, मग उंच जागा दाखवतात, इथून चढतील का म्हणून. मामा आता मला भाच्या म्हणत नाही, मिस्तरी म्हणतो, आणि म्हणताना थुंकतो, पण म्हणतो.

हे पत्र टाकायचं कुठं, माय? जिथं तुला मातीत ठेवलं ते रान कुणाचं होतं ते मामालाही आता नीट सांगता येत नाही, आणि टाकून तुला वाचताही कुठं येत होतं. कणगीमागं ठेवून देईन. कणगीमागं म्हटलं म्हणून एक सांगतो, तुलाच सांगतो. तिथल्या कोपऱ्यात भिंतीला थोडी ओल येते. थेंब नाही, नुसती ओल, हाताला गार लागेल एवढी. सासऱ्यांचा पटका तेवढ्यापर्यंत पोचला नव्हता. मी तिथं तुझी घोंगडी टांगून ठेवलीय, आणि पावसाचं पाणी ती अजून आत घेत नाही. बायको सणाला घर झाडते तेव्हा घोंगडी काढते, अंगणात झटकते, भिंतीला एकदा हात लावते आणि पुन्हा त्याच खुंटीला टांगते.